नाव देणे आणि नावे ठेवणे

आपल्या भाषेत नाव ठेवण्याचे दोन प्रकार आहेत. बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात हळूच एक शब्द सांगते, पाळण्याभोवतीच्या बायका तो उचलून धरतात, घुगऱ्या वाटल्या जातात, आणि कालपर्यंत नुसते ‘बाळ’ असलेला जीव त्या कुळातील एक व्यक्ती होतो. हा झाला पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारास बहुधा अनेकवचन लागते: लोक नावे ठेवतात. पहिल्या प्रकाराने माणूस घरात येतो. दुसऱ्याने तो घरात असूनही परका होतो.

बालवाडीतील एखादी शिक्षिका मुलाच्या आईस बाजूला घेऊन जेव्हा म्हणते, “ताई, याचे कान एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, मागून हाक मारली तर हा वळून पाहत नाही,” तेव्हा शिक्षिकेच्या मनात पहिला प्रकार असतो आणि आईच्या कानावर मात्र दुसरा पडतो. आई रागावते, रडते, अथवा पुढच्या सोमवारपासून मुलाला दुसऱ्या बालवाडीत घालते. लहान मुलांत ज्यांनी काम केले आहे त्यांना हा अनुभव नवा नाही. आणि म्हणूनच पुष्कळ शिक्षिका मनातली शंका मनातच ठेवतात. त्यांच्या या मौनाला लोक शहाणपण म्हणतात. हे शहाणपण नीतीच्या कसोटीस उतरते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. वरवर पाहता प्रश्न वैद्यकाचा दिसतो. परंतु आपले ज्ञान अपुरे असताना दुसऱ्याच्या मुलाविषयी बोलावे किंवा नाही, आणि बोलावयाचे तर कोणत्या अधिकाराने, असा जेव्हा पेच पडतो, तेव्हा तो डॉक्टरांनी सोडविण्याचा राहत नाही. तो तुम्हां-आम्हां सर्वांचा होतो.

प्रथम मौनाच्या पक्षाचे म्हणणे आदराने ऐकले पाहिजे, कारण तो पक्ष केवळ भित्र्यांचा नाही. त्याचे पहिले म्हणणे असे की, मुले एका मापाने वाढत नसतात. एक मूल दहाव्या महिन्यात पाऊल टाकते, दुसरे पंधराव्यात. दोघेही पुढे सारखेच धावतात. प्रत्येक कुटुंबात चौथ्या वर्षापर्यंत न बोललेला आणि पुढे वकिलीत नाव काढलेला एखादा मामा असतोच. दुसरे म्हणणे याहून गंभीर आहे. एकदा मुलावर शिक्का बसला की तो पुसत नाही. मग शिक्षक त्याच्याकडून कमी अपेक्षा करतात, आणि ज्याच्याकडून कमी अपेक्षा करावी ते मूल कमीच करून दाखविते. अर्थात शंका खरी असो वा खोटी, तिच्या उच्चारानेच ती खरी होऊ लागते.

या भीतीस इतिहासाचा आधार आहे, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. सामान्य वर्गात ज्यांना शिकणे जड जाते अशी मुले कशी ओळखावीत, हे ठरविण्यासाठी फ्रेंच सरकारने 1904 साली एक मंडळ नेमले. आल्फ्रेड बिने हा मानसशास्त्रज्ञ त्याचा सभासद होता. त्याने थिओडोर सिमाँच्या साहाय्याने 1905 साली बुद्धिमापनाची पहिली कसोटी तयार केली. हेतू एवढाच की, ज्यांना अधिक साहाय्याची गरज आहे ती मुले हाती लागावीत. बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि कधीही न वाढणारी वस्तू आहे, या मताचा त्याने 1909 सालच्या आपल्या ग्रंथात कळकळीने निषेध केला होता. 1911 साली तो वारला. दरम्यान त्याची कसोटी अटलांटिक ओलांडून अमेरिकेस गेली होती, आणि तेथे तिचा हेतू पार उलटा झाला. साहाय्यासाठी केलेली निवड ही बहिष्कारासाठी केलेली निवड झाली.

व्हर्जिनिया राज्याने 1924 साली ‘मंदबुद्धी’ ठरलेल्या व्यक्तींची सक्तीने वंध्यत्व-शस्त्रक्रिया करण्याचा कायदा केला. कॅरी बक नावाच्या तरुणीवर तो प्रथम लागू करण्याचे ठरले. आई मंदबुद्धी, मुलगी कॅरी मंदबुद्धी, आणि कॅरीची तान्ही मुलगी व्हिव्हियन हीही तशीच, असे न्यायालयापुढे मांडण्यात आले. व्हिव्हियन तेव्हा सुमारे सात महिन्यांची होती; तिला पाहणाऱ्या एका समाजसेविकेस ती काहीशी वेगळी वाटली, हाही तिच्याविषयीचा पुरावा मानला गेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1927 साली ही शस्त्रक्रिया कायदेशीर ठरविली. पुढे संशोधकांनी जुनी दप्तरे चाळली तेव्हा कॅरी मंदबुद्धी नव्हतीच असे दिसून आले. व्हिव्हियन आठव्या वर्षी वारली. पण त्यापूर्वी ती शाळेत जात होती, आणि एकदा तिचे नाव शाळेच्या गुणवंतांच्या यादीतही लागले होते. सात महिन्यांच्या मुलाकडे एक दृष्टी टाकून त्याचे भवितव्य सांगणाऱ्यांनी ही हकीकत विसरू नये.

इतके ऐकल्यावर मौनाचा पक्ष जिंकला असे वाटेल. परंतु त्याच्या युक्तिवादात एक गृहीत लपलेले आहे. ते असे की, आपण बोललो नाही तर मूल आहे त्या स्थितीत, निदान निर्वेध, राहते. हे गृहीतच खरे नाही, आणि ते दोन कारणांनी.

पहिले कारण काळाचे. कानाचे उदाहरण घेऊ. दर हजार नवजात बालकांत एक ते तीन बालके कायमचे श्रवणन्यून घेऊन जन्मास येतात. असे मूल हसते, पाहते, हुंकारही देते. त्यामुळे दोन-अडीच वर्षे होऊनही वाचा फुटत नाही तोवर घरात कोणास शंका येत नाही. परंतु भाषा ग्रहण करण्याचे मेंदूचे काम जन्मापासूनच सुरू झालेले असते, आणि ते कानांची वाट पाहत थांबत नाही. म्हणून आता पहिल्या महिन्याच्या आत चाचणी, तिसऱ्याच्या आत निदान आणि सहाव्याच्या आत उपाय असा दंडक तज्ज्ञांनी घालून दिला आहे. कोलोरॅडो येथील क्रिस्टीन योशिनागा-इतानो यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांचे न्यून सहा महिन्यांच्या आत उमगले त्या मुलांची भाषा उशिरा उमगलेल्यांच्या भाषेहून स्पष्टपणे सरस आढळली. आणि न्यून सौम्य असो वा तीव्र, हा फरक कायम राहिला. डोळ्यांचेही असेच. एक डोळा अधू असला की मेंदू त्याच्याकडून येणारे चित्र हळूहळू नाकारू लागतो. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधण्याचा साधा उपाय सात-आठ वर्षांच्या आत केला तर बहुधा गुण येतो. पुढे तो दिवसेंदिवस कठीण होत जातो. सर्वच उणिवांना अशी घटका लागू नसते, हे खरे. पण कोणतीला आहे आणि कोणतीला नाही हे शिक्षिकेस ठाऊक नसताना तिने ‘होईल हळूहळू’ म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या ठेवीवर जुगार खेळणे होय.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, आणि या लेखाचा मुख्य मुद्दाही तोच आहे. ज्या मुलास आपण योग्य नाव देत नाही ते मूल बिननावाचे राहत नाही. ज्यास ऐकू येत नाही त्यास ‘हट्टी’ म्हणतात. ज्यास फळ्यावरचे दिसत नाही त्यास ‘लक्ष नसलेला’ म्हणतात. जे मूल नजरेस नजर देत नाही, गोलात बसत नाही, आणि एकच खेळगाडी घेऊन तिचे चाक तासभर फिरवीत बसते, त्याच्या आईस ‘वळण लावता आले नाही’ असे म्हणतात. आळशी, मठ्ठ, ठोंब्या, द्वाड ही नावे कोणत्याही तज्ज्ञाने दिलेली नसतात. ती अंगणात, ओसरीवर, वर्गात आपोआप चिकटतात. त्यांना ना चाचणी लागते ना दाखला. म्हणजे नाव द्यावे की देऊ नये, असा पर्याय आपल्यापुढे मुळी नाहीच. नाव तर पडतेच; ते पाहून-पारखून दिलेले असावे की रागाच्या भरात फेकलेले असावे, एवढेच आपल्या हाती असते.

1896 साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळात पुढे, हिशेबात हुशार. परंतु वर्षानुवर्षे शिकवूनही त्यास साधे शब्द वाचता येत नसत. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे म्हणणे होते. ज्यास आज आपण वाचनाची विशिष्ट अक्षमता म्हणतो तिच्या पहिल्या वर्णनांपैकी हे एक. त्या नावाने मुलाची अडचण दूर झाली नाही. पण ‘प्रयत्न करीत नाही’ हा आरोप मात्र निराधार ठरला. वर्षानुवर्षे त्या आरोपाखाली काढलेल्या मुलास हे थोडे वाटत नसावे.

येथे कोणी म्हणेल, की शास्त्रीय नावेसुद्धा मळतात. ते खरेच आहे. ‘मतिमंद’ हा शब्द एके काळी सभ्यपणे योजलेला होता. आज तो शिवीसारखा वापरला जातो. ‘अपंग’ जाऊन सरकारी कागदांवर ‘दिव्यांग’ आले. शब्द बदलला तरी ज्या तोंडांतून तो निघतो ती तोंडे तीच असतील, तर नवा शब्दही काही वर्षांत जुन्याच्या रांगेत जाऊन बसेल. यावरून नाव टाकून द्यावे असे निष्पन्न होत नाही. नावामागची दृष्टी बदलावी, एवढेच निष्पन्न होते. आणि ती दृष्टी प्रथम जेथे बदलू शकते ती जागा म्हणजे बालवाडी होय.

मग शिक्षिकेचे कर्तव्य नेमके कोणते? आमच्या मते येथे तीन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या पाहिजेत: दिसणे, शंका येणे आणि निदान करणे. पहिली शिक्षिकेची, दुसरी तिची व पालकांची मिळून, आणि तिसरी केवळ तज्ज्ञाची. कॅरी बकच्या प्रकरणात अनर्थ झाला तो दिसण्यावरून एकदम निदानावर उडी मारल्यामुळे. ‘हा मुलगा बहिरा आहे’ असे म्हणण्याचा शिक्षिकेस अधिकार नाही. परंतु ‘ढोल वाजला की हा वळतो, नावाने हाक मारली तर वळत नाही, गोष्ट सांगताना माझ्या तोंडाकडे टक लावून पाहतो, दुसऱ्या मुलांनी टाळ्या वाजविल्या की मग हा वाजवितो’, एवढे सांगण्याचा तिला अधिकार आहे, आणि तिच्यावाचून ते दुसरे कोणी सांगू शकणारही नाही. आई एका मुलाला ओळखते, डॉक्टर त्याला दहा मिनिटे पाहतात. एकाच वयाची वीस-पंचवीस मुले रोज शेजारी शेजारी पाहण्याची संधी एकट्या शिक्षिकेलाच असते. या संधीतूनच तिचे कर्तव्य उत्पन्न होते. ज्यास दिसते त्यास ‘मला काय त्याचे’ म्हणता येत नाही.

शंकेच्या पायरीवर मात्र तिने थांबून, दुसरे एखादे साधे कारण नाही ना, हे पाहिले पाहिजे. आपल्या महाराष्ट्रात हे विशेष अगत्याचे आहे. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीस ग्रामबालशिक्षणाचे काम आरंभिले. जी मुले शाळेपर्यंत येत नाहीत त्यांच्या अंगणात शाळेने जावे, हा विचार त्यांचा; आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या विचारासह 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर गेला. परंतु जव्हारच्या पाड्यातील मूल वारली बोलत येते आणि मेळघाटातील मूल कोरकू. अंगणवाडीत मात्र गाणी मराठी असतात. असे मूल महिना-दोन महिने गप्प बसले तर त्याच्या वाचेत दोष नसून आपल्या कानांत तो असण्याचा संभव अधिक. “घरी हा बोलतो का?” हा एक प्रश्न आईस विचारला तर अर्ध्या शंका तेथेच फिटतात. तसेच सर्दीने कानात पाणी साठले असेल, पोटात अन्न नसेल, घरात कोणी वारले असेल. हे सर्व पाहून झाल्यावर, आणि काही आठवडे निरनिराळ्या वेळी पाहिल्यावरही जे दिसावयाचे ते दिसतच असेल, तर गप्प राहण्यास कारण उरत नाही.

ते सांगावे कसे, हाही नीतीचाच प्रश्न आहे. आमच्या समाजात मुलाच्या उणिवेबरोबर दोषारोप चालत येतो. कोणी पूर्वजन्मीचे पाप काढतो, कोणी ग्रहणात विळी हाती धरली म्हणून सुनेस बोल लावतो, कोणास मोठ्या मुलीचे लग्न मोडेल ही धास्ती असते. हा केवळ आमच्या अडाणीपणाचा भाग आहे असेही समजू नये. लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांची निरीक्षणे देऊन स्वमग्नतेचे वर्णन केले. आणि त्यानंतर जवळजवळ पाव शतक पाश्चात्त्य देशांतील मोठमोठे विद्वान या स्थितीचे खापर आईच्या थंड, कोरड्या वागण्यावर फोडीत होते. ब्रूनो बेटलहाइम यांचा तशा मताचा ग्रंथ 1967 सालचा आहे. ते मत पुढे पूर्णपणे टाकाऊ ठरले. पण तोपर्यंत हजारो मातांनी आपल्याच मुलाच्या अपराधाचे ओझे वाहिले. पूर्वजन्म काय आणि प्रबंध काय, दोहोंनी आईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. म्हणून शिक्षिकेने बोलताना आईवडिलांस एकांतात गाठावे, दिसले तेवढेच सांगावे, यात कोणाचाही दोष नाही असे स्पष्ट शब्दांत म्हणावे, आणि चाचणीचा निकाल काहीही लागो, वर्गातील त्याची जागा त्याचीच आहे, हे शेवटी सांगावयास विसरू नये. पुष्कळ वेळा आईची खरी भीती तीच असते.

आता शेवटची एक अडचण. ज्या रोगावर पुढे निदानाची व उपचाराची सोय नाही तो रोग निरोगी लोकांत शोधीत फिरू नये, असे एक तत्त्व विल्सन आणि युंगनर यांनी 1968 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या निबंधात मांडले आहे. हे तत्त्व समाजास बांधणारे आहे. 1995 सालच्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. 2016 सालच्या कायद्याने ते एकवीस केले, आणि मुलांतील विशिष्ट अध्ययन-अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकली. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथकांनी वर्षातून दोनदा अंगणवाडीत जाऊन मुले तपासावीत, आणि पुढील उपायांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्रे असावीत, अशी योजना आहे. योजना चांगली आहे. परंतु जिल्ह्याचे ठिकाण गावापासून ऐंशी मैल दूर असले, आणि तेथे जाण्यास बापाची दोन दिवसांची मजुरी बुडत असली, तर आपण त्या मुलास नाव दिले आणि वाटेवर सोडून दिले, असेच म्हणावे लागेल. ओळखण्याचा हक्क त्यालाच पोहोचतो ज्याने पुढच्या मदतीचा काही भाग आपल्याकडे घेतला आहे.

तथापि ही अडचण शिक्षिकेच्या मौनाचे समर्थन होऊ शकत नाही. कारण मदतीचा बराच भाग दाखल्यावर अवलंबून नसतो. ज्याला कमी ऐकू येते असे वाटते त्याला पुढे बसविणे, बोलताना त्याच्याकडे तोंड करणे, सांगितलेले हाताने दाखविणे, गोंगाटाने घाबरणाऱ्या मुलास कोपऱ्यात एक शांत चटई देणे, एकाच वेळी तीन सूचना न देता एक देणे; यांपैकी कशालाही डॉक्टरांची सही लागत नाही. आणि शंका अखेर खोटी ठरली, तरी यातील एकाही गोष्टीने कोणत्याही मुलाचे नुकसान होत नाही.

नुकसान होत नाहीच, उलट लाभ होतो, याची साक्ष बालशिक्षणाचा इतिहासच देतो. 1800 साली फ्रान्समधील आव्हेरॉनच्या अरण्यातून एक मूक मुलगा गावात आला. मोठमोठ्या वैद्यांनी तो जन्मजात जड असल्याचा निर्वाळा दिला असताना इतार नावाच्या तरुण डॉक्टराने सुमारे पाच वर्षे त्यास शिकविण्याचा प्रयत्न केला. बोलणे त्यास फारसे आले नाही. पण इंद्रियांच्या द्वारा शिकविण्याची एक पद्धती मागे राहिली. ती सेग्याँ यांनी मंदबुद्धी मुलांसाठी विकसित केली. तीच पुढे मारिया माँटेसरी यांनी रोममधील तशाच मुलांसाठी वापरली, आणि 6 जानेवारी 1907 रोजी सान लोरेंझो वस्तीत काढलेल्या बालगृहात ती सामान्य मुलांपुढे ठेवली. आज आपली निरोगी मुले-नातवंडे ज्या लाकडी ठोकळ्यांशी खेळतात आणि ज्या खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवितात, त्या साहित्याचे मूळ शाळेने नाकारलेल्या मुलांसाठी केलेल्या धडपडीत आहे. एका मुलाकडे कोणी नीट पाहिले, आणि त्याचा लाभ सर्वांच्या मुलांना झाला.

बारशाला नाव ठेवणारी आत्या नाव ठेवून मोकळी होत नाही. त्या मुलाच्या मुंजीला, आजारपणाला, परीक्षेच्या निकालाला ती हजर असते. नाव ठेवण्याचा तिचा मान या सोबतीतून आलेला असतो. शिक्षिकेने, शाळेने आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या समाजाने मुलाच्या उणिवेस नाव द्यावयाचे ते याच नात्याने द्यावे. ती सोबत देण्याची तयारी असेल, तर बोलण्यास भिऊ नये. आणि ती तयारी नसेल, तर प्रथम ती करावी. तोपर्यंत गप्प राहण्यास मोठेपणा म्हणू नये, कारण त्या काळात मूल वाढतच असते आणि ओसरीवर त्याला नावे पडतच असतात.